फितुरीचे वकीलपत्र

हेरकथांच्या पाश्चात्त्य लेखकांना गेल्या अर्धशतकात एक मोठा शोध लागला आहे. देशाशी बेइमानी करणारा माणूस मुळात वाईट नसतो म्हणे. वाईट असतो तो त्याचा बाप! बाप खोटे बोलत असे, आई दुरावलेली, घर रहस्यांनी भरलेले. म्हणून मुलाने देशाची गुपिते शत्रूच्या हाती दिली. वाचक हळहळतो, समीक्षक ‘मानवी मनाचा वेध’ म्हणून माना डोलावतात. मराठीत अशा माणसाला साध्या शब्दांत घरभेदी म्हणतात.

या साऱ्याच्या मुळाशी किम फिल्बी आहे. जन्म १९१२ चा, आपल्या अंबाल्यातला. वडील सेंट जॉन फिल्बी पंजाबात इंग्रज सनदी अधिकारी. ‘किम’ हे लाडके नावही किपलिंगच्या कादंबरीतून उचललेले. वडिलांनी पुढे ब्रिटिश सेवा सोडून सौदी राजाची पाठराखण केली आणि १९३३ साली तेथील तेलाचा मक्ता अमेरिकी कंपनीला मिळावा यासाठी हातभार लावला. मुलगा ब्रिटिश गुप्तचर खात्यात वर चढत गेला, तो सोव्हिएत हस्तक म्हणूनच. १९६३ मध्ये तो बैरुतहून मॉस्कोला पळाला. जसा बाप तसा बेटा, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ग्रॅहम ग्रीनसारख्या थोर कादंबरीकाराने तर १९६८ साली त्याच्या आत्मकथनाला सहानुभूतीची प्रस्तावना लिहिली.

या सहानुभूतीतून कोण वगळले गेले? १९४५ साली इस्तंबूलमधील सोव्हिएत अधिकारी कॉन्स्टँटिन वोल्कोव्ह याने ब्रिटनकडे आश्रय मागितला. ब्रिटनमध्ये पेरलेल्या सोव्हिएत हस्तकांची माहिती देण्याची त्याची तयारी होती. प्रकरण लंडनला गेले आणि नेमके फिल्बीच्याच टेबलावर पडले. त्याने मॉस्कोला सावध केले, स्वतः इस्तंबूल गाठायला मुद्दाम वेळ लावला. तोवर वोल्कोव्ह आणि त्याची पत्नी यांना मॉस्कोला नेण्यात आले होते. त्या बाईलाही बाप असेल, बालपण असेल. त्यावर कादंबरी लिहावी असे किती जणांना वाटले?

आता जॉन ल कारे यांचेच पाहा. ‘अ परफेक्ट स्पाय’ (१९८६) मध्ये फितूर झालेल्या मॅग्नस पिमची सारी कहाणी त्याच्या लबाड, लोभस बापापाशी जाऊन पोहोचते. कादंबरी उत्तम आहे, यात वाद नाही. पण तो बाप लेखकाचा स्वतःचा होता! ल कारे यांचे वडील फसवणुकीपायी तुरुंगात गेलेले, आई ते पाच वर्षांचे असताना घर सोडून गेलेली. पुढे ते स्वतः ब्रिटिश गुप्तचर सेवेत होते. मग ते का फुटले नाहीत? उलट १९८७ मध्ये मॉस्कोत फिल्बीला भेटण्याची संधी आली, ती त्यांनी धुडकावली. सिद्धान्ताचा पराभव खुद्द त्याच्या लेखकाच्याच चरित्रात झाला आहे.

हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’वर २०१८ साली ‘राझी’ हा चित्रपट आला. तेथेही घरात गुपित आहे. मरणाच्या दारात उभे असलेले वडील आपले काम कोवळ्या लेकीच्या खांद्यावर ठेवतात. १९७१ च्या युद्धाच्या तोंडावर ती पाकिस्तानात सून म्हणून जाते. ज्यांनी तिला लेकीसारखे वागवले, त्याच घरातील माणसांचे प्राण तिच्या हातून जातात. याचा दोष ती वडिलांच्या माथी मारीत नाही. परत येते, मूल वाढवते आणि उरलेले आयुष्य त्या ओझ्यासह काढते.