टाकीत फूल उगवलं की आधी वही उघडा



खाऱ्या पाण्याच्या टाकीचा व्हिडिओ टाकल्यापासून मला एकच प्रश्न येतोय. "सर, खडकावर तपकिरी फुलं आलीत, औषध कोणतं?" औषध सांगतो, पण आधी माझं मत ऐका. ती फुलं ग्राहकाची नाहीत, ज्याने खडक विकला त्याची आहेत. हे ज्या दुकानदाराला पटत नसेल त्याने खाऱ्या पाण्यात पडू नये. गप्पी, मोली, गोल्डफिश विकावेत. त्यातही पोट भरतं, माझं सहा वर्षं भरलंय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. हे फूल म्हणजे वनस्पती नाही, प्राणी आहे. समुद्रफुलांच्या जातीतला. छंदवाले याला ऐप्टेशिया म्हणतात. दुसरा एक बुटका प्रकार येतो, त्याला मजानो. दिसायला छोटं नारळाचं झाड, काचेसारखं तपकिरी. बोट नेलं की सर्रकन बिळात. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं, आणि वर हा स्वतः पाण्यातलं उरलंसुरलं पकडून खातो. म्हणजे दोन्हीकडून कमाई. शेजारच्या प्रवाळाला डंख मारून जागा बळकावतो ते वेगळंच. "निमो यात राहील ना?" असं ग्राहक हमखास विचारतो. नाही राहत. निमोला लागतात ती मोठी समुद्रफुलं वेगळी.

आता माझी गोष्ट. आपण भातसानगरचे, म्हणजे धरणाशेजारी. इथून मुंबईला गोडं पाणी जातं आणि मी मुंबईहून मिठाच्या पिशव्या आणतो, आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅमच्या हिशेबाने मिसळतो आणि घरगुती समुद्र तयार करतो. हसू नका, महामार्गालगतच्या बंगलेवाल्यांना हे हवं असतं. खर्डीकडच्या अशाच एका साहेबांना चार फुटी टाकी लावून दिली. खडक नवीन घ्यायचा तर महाग, म्हणून मोडीत निघालेल्या एका जुन्या टाकीतला ओला खडक उचलला. स्वस्तात मिळाला याचा आनंद. पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन, "दादा, खडकावर फूल आलंय, किती गोड!" मी गेलो, चिमट्याने फूल उपटलं, चहा पिऊन परत आलो.

महिन्याभरात एकाची पंधरा झाली.

शेतकऱ्याच्या पोरांना हे लगेच कळेल. लव्हाळा वरून उपटला तर काय होतं? गाठी जमिनीत राहतात आणि पुढच्या पावसात दुप्पट येतो. याचंही तसंच. तळव्याचा बारीकसा तुकडा खडकावर राहिला तरी त्यातून नवीन फूल उभं राहतं. खरवडलं, चिरडलं, ब्रशने घासलं की आपणच पेरणी करतो. मी चिमट्याने पेरणी केली होती आणि त्याचं बिल लावलं नव्हतं.

मग कोळंबी आणली. पेपरमिंट नावाची लाल रेघांची कोळंबी हे फूल खाते, सगळ्याच खातात असं नाही, पण बऱ्याच खातात. व्यापाऱ्याने मला दिली ती तिच्यासारखीच दिसणारी कॅमल कोळंबी निघाली. ७०० ची एक, अशा चार. त्यांनी फुलांना हात लावला नाही, साहेबांचे मऊ प्रवाळाचे दोन गुच्छ कुरतडले. ओळखायची खूण लिहून ठेवा: कॅमलच्या पाठीला कुबड असतं आणि अंगावर पांढऱ्या रेषा जास्त ठळक असतात. बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त ऐप्टेशियाच खाते, दुसरं काहीच नाही. म्हणून काम चोख, पण फुलं संपली की उपाशी मरते. मजानोला ती तोंड लावत नाही. आणि आपल्याकडे ती सहज मिळत नाही.

शेवटी कामाला आला चुना. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, शुद्ध. पानाच्या टपरीवरचा नाही, त्यात काय मिसळलंय देव जाणे. आरओच्या पाण्यात दाट कालवा, सुईच्या सिरिंजमध्ये भरा, टाकीचे पंप बंद करा, आणि फूल उघडं असताना हळूच त्याच्या तोंडावर सोडा. घाई केली तर ते आत पळतं. दहा-पंधरा मिनिटांनी पंप चालू. एका दिवशी चार-पाचच, कारण चुन्याने पाण्याचा पीएच वर चढतो आणि मासे धापा टाकतात. हातमोजे आणि चष्मा लावा. पंप परत चालू करायला विसरू नका, मी एकदा विसरलो आणि रात्री साडेनऊला स्कूटर काढून परत खर्डीला गेलो. सात-आठ दिवसांनी पुन्हा बघायचं, सुटलेली बारकी पिल्लं मोठी झालेली असतात. आणि ग्राहकाला खाणं कमी टाकायला सांगा. तुम्ही मारताय आणि तो पोसतोय, असं चालत नाही.

एक धोक्याची गोष्ट. खडक पातेल्यात उकळू नका. कुणीतरी सांगतं, सोपं वाटतं. पण त्यावर झोअँथिड जातीचे जीव असले तर काहींमध्ये जबर विष असतं आणि उकळताना ते वाफेतून अंगात जाऊन घरची माणसं दवाखान्यात पोचल्याची उदाहरणं आहेत. खडक बाहेर काढता येत असेल तर मे महिन्याच्या उन्हात काही आठवडे पूर्ण वाळवा. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, वाळत नाही आणि वास सुटतो.

तर हिशेब. टाकी लावण्यात मला ९,००० रुपये सुटले होते. नंतर अकरा फेऱ्या, पेट्रोल धरा १,०००. कोळंबी २,८००. प्रवाळ फुकट बदलून दिलं, १,५००. अकरा अर्धे दिवस, माझा अर्धा दिवस फक्त ५०० चा धरला तरी ५,५००. बेरीज १०,८००. म्हणजे १,८०० रुपये खिशातून घालून मी साहेबांकडे राबलो. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर चांगल्या मार्कांनी काढलेला माणूस आहे मी! स्वस्त खडकात वाचवले होते २,०००.

साहेबांकडून फेऱ्यांचे पैसे मागायचे होते का? माझ्या मित्राचं म्हणणं, मागायचे. मला पटत नाही. घाण मी आणली होती. पण त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. खडक आता कोराच, सुका. उशीर लागतो, टाकी महिना-दोन महिने रिकामी दिसते, ग्राहक कुरकुरतो, कुरकुरू द्या. आणि बाहेरून येणारी प्रत्येक ओली वस्तू आधी दुकानातल्या वेगळ्या टाकीत सहा आठवडे ठेवतो. ती जागा, वीज, मीठ सगळं किमतीत धरतो आणि ग्राहकाला तोंडावर सांगतो की म्हणून मी महाग आहे. देखभालीचा महिन्याचा करार वेगळा. ग्राहकाने स्वतः दुसरीकडून खडक आणून टाकला तर फेरीचे पैसे, हे करारात लिहून.

"समुद्रातूनच उचलून आणतो ना सर, फुकट," असं मुरबाडच्या एका मुलाने विचारलं होतं. बाळा, अजिबात नको. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळची प्रवाळं हलवायची होती तेव्हा मुंबई महापालिकेलासुद्धा वनखात्याची परवानगी काढावी लागली होती. तुझी पिशवी आसनगाव स्टेशनवर कुणी उघडली तर तू काय सांगणार?

खर्डीच्या टाकीत आता मागच्या काचेजवळ दोन फुलं उरलीत, सिरिंज पोचत नाही अशा फटीत. साहेबांना दाखवून ठेवलीत. दर शनिवारी ते मोजतात आणि मला फोटो पाठवतात. तुमच्या टाकीत फुलं असतील तर तुम्हीही दुकानात खडक घेऊन येऊ नका, फोटो घेऊन या.