नुसता बिल्ला नको

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं एक निर्णय काढला. वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. फार्मसीला भावाला घालायचं की बहिणीला, असा प्रश्न ज्या घरात पडायचा, तिथला तराजू त्यामुळे थोडा तरी सरळ झाला. तेवढं श्रेय सरकारला द्यायलाच हवं.

पण शिष्यवृत्ती म्हटलं की आपण फक्त फीचं बोलतो, आणि माझी तक्रार तिथंच आहे. कॉलेजात मुलगा जे मिळवतो ते सगळं काही वर्गात मिळत नाही. मंठ्याचा किंवा भोकरदनचा मुलगा जालन्यात येतो. गावातलीच चार पोरं मिळून एक खोली करतात. डबा लावतात. मग जयंती येते, गणपती येतात. वर्गणीची पावतीपुस्तकं छापायची, दुकानदाराला पटवायचं, मंडपवाल्याशी घासाघीस करायची, पोलीस ठाण्यात जाऊन परवानगी काढायची, आणि शेवटी हिशेब चुकला म्हणून एकमेकांशी भांडायचं. तीन वर्षांत त्याला पन्नास माणसं नावानं ओळखायला लागतात. अर्ज कसा लिहितात, साहेबासमोर कसं उभं राहतात, विरोधातल्या पोराला आपल्या बाजूला कसं वळवतात, हे तो शिकलेला असतो. प्रमाणपत्र कोणी देत नाही, पण हेच नेतृत्व प्रशिक्षण! मराठवाड्यात तर ही परंपराच आहे. १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी उभं केलं, आणि त्या पिढीतून पुढं कितीतरी पुढारी निघाले. त्यांत बायकांची नावं किती, हे तुम्हीच आठवून बघा.

अमेरिकेतल्या कॉलेजांत या पोरांच्या खोलीचं रीतसर संस्थेत रूपांतर झालेलं आहे. तिथं विद्यार्थ्यांचे बंधुसंघ असतात, ग्रीक अक्षरांची नावं लावणारे. एका घरात राहायचं, संघाचा बिल्ला लावायचा, आणि कॉलेज सुटल्यावरही जन्मभर एकमेकांना धरून राहायचं. जुने सभासद पैसे देतात, त्यातून नव्यांना शिष्यवृत्त्या मिळतात, नेतृत्वाच्या कार्यशाळा होतात, नोकरीसाठी शब्द टाकला जातो. या संघांची दुसरी बाजूही आहे. नव्या पोरांचा छळ होतो, त्यात मृत्यूही झालेले आहेत. तेव्हा त्यांची आरती ओवाळण्याचं कारण नाही. पण त्यांच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार आवडते. इंडियाना राज्यातल्या एका कॉलेजानं १८६७ मध्ये मुलींना प्रवेश दिला. पहिल्या काही मुलींमध्ये बेटी लॉक नावाची मुलगी होती. असं सांगतात, की एका बंधुसंघानं तिला आपला बिल्ला लावायला देऊ केला. बिल्ला लाव, मिरव, पण सभासद नाही. तिनं विचारलं, सभासदत्व देणार का? नाही म्हणाले. मग तिनं बिल्लाही नको म्हटलं आणि १८७० मध्ये तीन मैत्रिणींना घेऊन मुलींचा स्वतःचा संघ काढला, कप्पा अल्फा थीटा. तो आजही चालू आहे, आणि मुलींना शिष्यवृत्त्या देतो.

आपल्या कॉलेजांमध्ये मुलींना बिल्ले मिळतात, त्याला तोटा नाही. स्नेहसंमेलनांना, शिबिरांना जाण्याचा योग मला अधूनमधून येतो. रांगोळी मुलींची, स्वागतगीत मुलींचं, पाहुण्यांना गुलाबपुष्प देणारी मुलगी, आणि अलीकडे सूत्रसंचालनही मुलीचंच. बोलतातही सुरेख. मग मी सहज विचारते, "कार्यक्रमाचा खर्च किती आला गं?" तर माहीत नसतं. पाहुणे कोणी ठरवले? "सरांनी आणि पोरांनी." एका ठिकाणी मुलींच्या प्रतिनिधीला विचारलं, तू निवडून कशी आलीस? ती म्हणाली, "निवडून नाही मॅडम, सरांनी नाव लिहिलं."

यात तिचा काय दोष? निवडणुकांतल्या मारामाऱ्या आणि राजकारणामुळे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद केल्या आणि वर्गप्रतिनिधी गुणांवर घ्यायला सुरुवात झाली. गंमत अशी झाली, की गुणांत मुली पुढं, त्यामुळे सी.आर. म्हणून त्यांची नावं भराभर लागली. पण मत मागायला चार वर्गांत फिरणं, हरणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी तोंड वर करून कॉलेजात येणं, हे काही त्यातून शिकता आलं नाही. २०१६ च्या नव्या कायद्यानं थेट निवडणुकीची तरतूद परत आणली, त्यात मुलींच्या प्रतिनिधीची जागाही ठेवली. कायद्याच्या पुस्तकातून ती कॉलेजच्या आवारात मात्र लवकर आली नाही. मला विचाराल तर निवडणुकीतल्या भांडणांना भिऊन मुलींना निवडणुकीपासूनच लांब ठेवणं म्हणजे विंचवाच्या भीतीनं घरातला दिवाच विझवणं.

आता बसचं बोलू. जालना हा मानव विकास कार्यक्रमातला जिल्हा. त्या निळ्या बसगाड्या मुलींना शाळेत नेतात-आणतात. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पासही आहे. दोन्ही गोष्टींनी खरंच फरक पडला, पण दोन्ही बारावीपर्यंतच. बारावीनंतर सवलतीचा पास काढायचा आणि नेहमीच्या एस.टी.ला लटकायचं. शेवटची सोयीची गाडी चार-साडेचारची असेल, तर साडेतीनला मुलगी घड्याळ बघायला लागते. वादविवाद मंडळ, खेळाचा सराव, स्पर्धा परीक्षेचा अभ्यासगट हे सगळं कॉलेज सुटल्यावर. म्हणजे तिच्यासाठी ते नाहीच. मुलगा गाडी चुकली तर मित्राच्या खोलीवर टेकतो. मुलीची गाडी चुकली तर घरी सभा भरते.

आणि मुक्कामाचं तर विचारूच नका. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. गावातल्या शाळेत राहायचं, पहाटे उठून प्रभातफेरी, दुपारी श्रमदान, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर बोलायचं, स्वयंपाकाच्या पाळ्या लावायच्या, आणि पाळ्या पोरांनाही! इतकं स्वस्त आणि मस्त नेतृत्व प्रशिक्षण दुसरं मला माहीत नाही. वर्षभर हजेरी भरलेल्या मुली नेमक्या या सात दिवसांना गळतात. "घरचे मुक्कामाला सोडत न्हाईत," एवढंच म्हणतात आणि मान खाली घालतात. ज्या कॉलेजातली प्राध्यापिका स्वतः घरोघर जाऊन आयांशी बोलते, तिथल्या मुली येतात. ती बाई हे काम कुठल्या भत्त्यासाठी करत नाही.

घरच्यांच्या भीतीला नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्या जिल्ह्यात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विशीतल्या साधारण तिघींमागे एकीचं लग्न अठरा पुरं होण्याआधी झालेलं होतं, त्या जिल्ह्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत मुलीला टिकवलेल्या आईबापांनी आधीच बरंच ऐकून घेतलेलं असतं. सात दिवसांच्या मुक्कामानं भावकीच्या हातात आणखी एक कोलीत द्यायला ते कचरतात. म्हणून शिबिर हे आवडीनिवडीवर सोडू नये असं मला वाटतं. शिष्यवृत्तीचाच भाग म्हणून ते आलं, तर आईला शेजारणीला सांगता येतं, "जावंच लागतं बाई, नाहीतर पैसे मिळत न्हाईत." कधी कधी असा सरकारी बहाणा मुलीच्या फार कामाला येतो.

हे जमतं, याची उदाहरणं आपल्याकडं आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात मुलाला नुसतं राहायला-जेवायला मिळत नव्हतं. निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राबत, एकत्र जेवत, आपला कारभार आपण बघत. रयतची माणसं त्यातून घडली. मुलींसाठी आजच्या काळात जवळचं उदाहरण पुण्यातलं. लीला पूनावाला या स्वतः १९६७ च्या इंजिनिअर. मोठ्या कंपनीच्या प्रमुखपदापर्यंत पोचलेल्या या बाईंनी नव्वदच्या दशकात फाउंडेशन काढलं. ते गरजू, हुशार मुलींना शिष्यवृत्ती देतं, पण चेक देऊन मोकळं होत नाही. इंग्रजी, मुलाखत, चारचौघांत बोलणं, पैशाचे व्यवहार यांचं प्रशिक्षणही देतं. आधीच्या मुली नंतरच्यांना हात देतात. बेटी लॉकच्या संघाचा आपल्या मातीतला अवतार म्हणा ना.

जालन्याला हे जड का जावं? बियाणांच्या कंपन्या इथल्या, लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने इथले. दानशूर माणसं आहेत, गुणवंतांचे सत्कारही दणक्यात होतात. शाल, श्रीफळ, पाकीट, फोटो. त्याच पाकिटाच्या रकमेत चार-पाच गावच्या मुलींसाठी शहरात एक खोली घेता येईल, आणि महिन्यातून एका शनिवारी कोणी वकीलबाई, कोणी बँकेतली बाई, कोणी सरपंचबाई त्यांच्यात येऊन बसेल. सत्कारासारखा फोटो निघणार नाही, हे खरं.

सरपंचबाईंचा उल्लेख मुद्दाम केला. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि उभं राहायला वय लागतं २१. म्हणजे पदवीचा निकाल हातात येतो त्या सुमाराला. पण गावात खुर्ची बाईची आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात, हे चित्र अजून पुसलेलं नाही. तोही बिल्लाच. वर्गणीचं पावतीपुस्तक ज्या मुलीनं एकोणिसाव्या वर्षी सांभाळलंय, मंडपवाल्याला दोन हजार कमी करायला लावलेत, ती पुढं ग्रामसभेच्या ठरावावर न वाचता सही करणार नाही, असा माझा तरी भरवसा आहे.

कॉलेजांना एकच विनंती. पुढच्या संमेलनात रांगोळी पोरांकडं द्या आणि खर्चाची वही मुलींकडं. आणि आयांना सांगायचं तर, सेवा योजनेची शिबिरं बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात असतात, यादी त्याआधी लागते. मुलगी विचारायला आली तर आधी प्राध्यापिकेचा फोन नंबर घ्या, मुली झोपणार कुठं, सोबत कोण बाई आहे, संडास-पाण्याची काय सोय आहे, सगळं खडसावून विचारा. जमलं तर एक दिवस पिठलं-भाकरी घेऊन स्वतः जाऊन या. शिबिरात आयांना कोणी मनाई करत नाही.