पाचशेपर्यंत अंक पुरेत!



गुलामाच्या पोरानं किती शिकावं? १९४० साली हिटलरच्या हिमलरनं जिंकलेल्या पोलंडसारख्या मुलखासाठी याचं टिपणच केलं. चार इयत्ता बास. पाचशेपर्यंत अंक, स्वतःच्या नावाची सही आणि जर्मनांची आज्ञा पाळणं हाच देवाचा कायदा. वाचता नाही आलं तरी चालेल! म्हणजे साच्यावर उभा करायला माणूस तयार. पोलिश हायस्कुलं, कॉलेजं बंद पडली, कित्येक शिक्षक छळछावणीत गेले. तरी लोकांनी घराघरांत चोरून वर्ग चालवले.

लांबची गोष्ट म्हणता? त्याच पोलंडातून स्टालिननं सैबेरियाकडे हाकललेल्यांपैकी सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायकापोरं, १९४३ ते ४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आली. परमुलखात त्यांनी काय उभं केलं? पोलिश शाळा!

तिथून बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटर. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात घातलं. त्याच साली घटनेत ३५०-अ कलम आलं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यांनी करावी. मुलूख घेतला आणि हातात कागद दिला! १९८६ साली शाळांत कानडीची सक्ती आली. विरोधाला उठलेल्यांवर गोळ्या चालल्या, माणसं मेली. पुढं २०१५ च्या कायद्यानं पहिली ते दहावी कानडी सक्तीची झाली.

बंगळूर म्हणजे बर्लिन, असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणं पोलंडातल्या मेलेल्यांची थट्टा ठरेल. सीमाभागात मराठी शाळा आहेत, आणि कानडी शिकायलाही आमची ना नाही. पण सक्ती करणाऱ्याची नजर आधी पोराच्या पाटीवरच का जाते, ते ओळखा! आपलं सरकार तरी कुठं वेगळं? १६ एप्रिल २०२५ ला त्यानं पहिलीपासून हिंदी लादली. रान उठलं तेव्हा २९ जूनला आदेश मागं घेतले.

आम्ही कुरकुंभकर. दौंडला गाडी पकडून आमच्या बापजाद्यांनी मुंबई-सोलापूरच्या गिरण्या गाठल्या. सोलापुरात शेजारच्या साच्यावर तेलुगु नाहीतर कानडी भाऊ असायचा. त्याच्या पोरालाही त्याच्या भाषेची शाळा पाहिजे, हे आम्ही आधी मागतो. नाहीतर बेळगावचं नाव कुठल्या तोंडानं घ्यायचं?

सीमाभागातल्या मराठी शाळांना पुरेसे शिक्षक आणि वेळेवर पुस्तकं द्या! सरकारी अर्ज मराठीत द्या!

रविवारी फिरंगाईच्या देवळापुढं सभा आहे. पोरांना घेऊन या, पाटी-दप्तरासकट.