समुद्रसपाटीवरून खार्दुंग ला
गणपतीपुळ्यासारख्या समुद्रकाठच्या गावातून मोटारसायकलने लडाखला निघणाऱ्याची खरी परीक्षा अंतराची नसून उंचीची असते; कारण ५३०० मीटरहून उंच असलेल्या खार्दुंग ला या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा उरतो, आणि अनुकूलन, म्हणजे विरळ हवेची शरीराला टप्प्याटप्प्याने लागणारी सवय, न साधल्यास डोकेदुखीपासून फुप्फुसांत पाणी साचण्यापर्यंतचे विकार उद्भवू शकतात. २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्याने मनाली-लेह प्रवास सुकर केला असला, तरी घाईने उंची गाठण्याचा मोहही त्यामुळे वाढतो, असे संपादक मंडळाचे स्पष्ट मत आहे. म्हणूनच प्रस्तुत अंकात साहसकथांपेक्षा शरीर, इंजिन आणि रस्ता यांच्या विचाराला अधिक जागा दिली असून, कोकणातील वाचकांनी आपले अनुभव आणि मतभेदही मंडळाला अवश्य कळवावेत.