नेमणुकीचा कागद आणि मुळशीतील मालक

21 नोव्हेंबर 2025 रोजी देशातील 29 केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता अमलात आल्या. त्यांविषयीची चर्चा प्रामुख्याने एकाच आकड्याभोवती फिरत राहिली. कामगारकपात किंवा कारखानाबंदी यांसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन केंद्रीय कायद्यानुसार शंभर कामगारांच्या कारखान्यास होते. ते आता तीनशे कामगार असतील तरच लागू होते. मालकवर्गाने याचे स्वागत केले, कामगार संघटनांनी निषेध केला. परंतु मुळशीसारख्या तालुक्यात हा वाद बराचसा गैरलागू ठरतो.

पौड रस्त्याने पिरंगुट, कासारआंबोली, उरवडे या पट्ट्यात जी कारखानदारी वाढली, तीत लहान शेडची संख्या मोठी आहे. तीस-चाळीस माणसे कामावर ठेवणाऱ्या मालकाला परवानगीची अट पूर्वीही नव्हती आणि आजही नाही. त्याच्या दृष्टीने खरा बदल निराळाच आहे. दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र देणे आता सक्तीचे झाले आहे. ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या कामगारास पाच नव्हे, तर एका वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा, म्हणजेच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. कपात करताना नेहमीच्या भरपाईखेरीज पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावयाचे आहे.

तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडीत, नेमणूकपत्राची वाण नाही. तेथे प्रश्न पगारपत्रकाचा आहे. मूळ वेतन कमी दाखवून उरलेली रक्कम भत्त्यांत विभागण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आता एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असलेले भत्ते वेतनातच धरले जातील आणि साहजिकच उपदानाचा बोजा वाढेल.

लहान उद्योजक म्हणेल, की कच्चा माल महागला, मोठा गिऱ्हाईक बिले महिनोन् महिने थकवतो, त्यात हा खर्च कोठून काढावा? तक्रार अगदीच खोटी नाही. परंतु नोंद न ठेवण्यात वाचणारा पैसा ही बचत नव्हे. ते अपघाताच्या दिवसापर्यंत लांबविलेले कर्ज आहे. 7 जून 2021 रोजी उरवडे येथील एका रसायन कारखान्यास लागलेल्या आगीत 17 कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अशा वेळी कोणत्याही कामगाराच्या वारसांना आपले माणूस तेथे कामाला होते हे सिद्ध करण्याची पाळी येऊ नये, एवढे तरी त्या साध्या कागदाने साधते.

अर्थात पळवाटा उरल्या आहेतच. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पन्नास वा अधिक असे कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहेत. म्हणजे चाळीस माणसे कंत्राटदाराच्या नावावर दाखविण्याचा मोह होणारच. निरीक्षकाला आता मार्गदर्शकाचीही भूमिका देण्यात आली आहे. तो मार्गदर्शन कोणाला करतो, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

माणसे कमी करण्याची मोकळीक मोठ्या मालकाला मिळाली. माणूस कामावर आहे हे लिहून देण्याची जबाबदारी मात्र लहानमोठ्या सर्वच मालकांवर आली. पहिलीचा गाजावाजा पुरेसा झाला आहे. या संहितांचे खरे मोल दुसरी कितपत पाळली जाते यावरूनच ठरेल. आणि ते दिल्लीत नव्हे, पिरंगुटच्या शेडमधील हजेरीपटावर दिसेल.