मालेगावच्या हौशी सिनेमाला प्रेक्षक मिळाले, आपल्या शॉर्टफिल्मला का मिळत नाहीत?

माझ्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये ‘फायनल_३’ नावाचं एक फोल्डर आहे. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघांनी हॉस्टेलमध्ये बारा मिनिटांची शॉर्टफिल्म केली होती, ती त्यात पडून आहे. शूटिंगला दोन रात्री लागल्या, एडिटिंगला दोन महिने. यूट्यूबवर टाकली, ग्रुपवर लिंक फिरवली. व्ह्यूज दोनशेच्या आसपास अडकले आणि त्यातले निम्मे आमचेच होते. दुसरी फिल्म झालीच नाही.

‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ बघताना हे फोल्डर आठवलं. रीमा कागती यांचा हा सिनेमा २०२४ मध्ये टोरंटो महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी थिएटरमध्ये आला. तो ज्यांच्यावर बेतला आहे, त्या मालेगावच्या मित्रमंडळाकडे आमच्यापेक्षा कितीतरी साधी साधनं होती. तरी त्यांनी एकामागून एक सिनेमे पूर्ण केले आणि लोकांनी ते पैसे देऊन पाहिले. हे कसं जमलं?

मालेगावात नेमकं काय घडलं?

नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव म्हणजे यंत्रमागाचं गाव. बाहेरच्यांना ते बहुतेक वेळा दंगल आणि बॉम्बस्फोटांच्या बातम्यांतूनच माहीत असतं. तिथे नासिर शेख हा तरुण व्हिडिओ पार्लर चालवायचा. छोटी खोली, टीव्ही, व्हीसीआर आणि दाटीवाटीने बसलेले प्रेक्षक. दुसऱ्यांचे सिनेमे दाखवता दाखवता त्याला वाटलं, आपणच एक करू.

साल २०००. ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. बजेट सुमारे ५० हजार रुपये. लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसला कॅमेरा, एडिटिंगला दोन व्हीसीआर. एकावर कॅसेट चालवायची, हवा तेवढा भाग दुसऱ्यावर रेकॉर्ड करायचा. कट चुकला की मागे जाऊन पुन्हा. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलवर आले. लोक खो खो हसले आणि पार्लरमध्ये सिनेमा आठवडेच्या आठवडे चालला. टाकलेले पैसे निघून वर उरले. तिथून पुढे गावात विडंबनपटांची रांगच लागली आणि लोक त्याला ‘मॉलीवूड’ म्हणू लागले.

सायकलची ट्रॉली, बैलगाडीची क्रेन

या मंडळींवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. सरकत्या शॉटसाठी सायकल आणि क्रेनच्या जागी बैलगाडी, हे त्यातलंच. सुपरमॅनला उडवायला त्यांनी क्रोमा तंत्र वापरलं. हे तंत्र समजायला सोपं आहे. माणसामागे हिरवं कापड लावायचं. आपल्या कातडीत तो रंग नसतो, त्यामुळे सॉफ्टवेअर तेवढाच रंग काढून टाकतं आणि त्या जागी आकाश बसवतं. मोठे स्टुडिओही असंच करतात. फरक कापडाच्या आणि दिव्यांच्या दर्जाचा.

मालेगावची गोष्ट सांगताना बहुतेक लेख इथेच थांबतात. ‘काय भन्नाट जुगाड!’ म्हणून आपण टाळी वाजवतो आणि पुढे स्क्रोल करतो. माझा आक्षेप इथेच आहे. जुगाड तर आमच्या हॉस्टेलमध्येही होता. बादलीवर टेबल लॅम्प ठेवून लाइटिंग केलं होतं आम्ही. जुगाडाने एक फिल्म होते. दुसरी, तिसरी आणि चौथी व्हायला आणखी काहीतरी लागतं.

मग ते ‘आणखी काहीतरी’ काय?

उत्तर मालेगावच्या शुक्रवारात आहे. त्या दिवशी यंत्रमाग बंद असतात. आठवडाभर मागाच्या खडखडाटात उभा असलेला कामगार सुट्टीला सिनेमा बघायला बाहेर पडतो. म्हणजे दिवस ठरलेला, जागा ठरलेली आणि खिशाला परवडेल असं तिकीट. सिनेमा बनवणाऱ्याला शूटिंगच्या आधीपासून ठाऊक होतं की हा कुणाला आणि कुठे दाखवायचा आहे. विनोद फसला तर त्याच खोलीत लगेच कळायचं. पुढच्या सिनेमात सुधारणा करायला दुसऱ्या कुठल्या क्लासची गरज नव्हती.

शिवाय पडद्यावर दिसायचा तो शेजारचा माणूस. गल्लीतल्या ओळखीच्या पोराला हिरो झालेला बघायला गल्ली येणारच. कामंही वाटलेली होती. लिहिणारा एक, एडिटिंग करणारा दुसरा, सगळ्यांना एकत्र बांधणारा नासिर. आमच्या फिल्ममध्ये मात्र चौघांनाही दिग्दर्शक व्हायचं होतं.

यश कुणाच्या वाट्याला आलं?

ही बाजूही बघायला हवी. सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमाग कामगार होता, किडकिडीत अंगाचा. त्याला कॅन्सर झाला. त्याच्या अखेरच्या दिवसांत त्याच्यासाठी मालेगावात खास शो ठेवला गेला. २०११ मध्ये तो गेला. त्याच्यावरचा माहितीपट परदेशातल्या महोत्सवांत गाजला, पण आपल्याकडच्या मल्टिप्लेक्समध्ये लागला तो २०१२ च्या जूनमध्ये. तोवर शफीक नव्हता. हौशी कलावंताचं कौतुक आपण फार उशिरा करतो, आणि तेही बहुधा बाहेरच्यांनी केल्यावर.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. गावातल्या मुलींना कॅमेऱ्यासमोर यायला घरची परवानगी मिळत नसे, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. म्हणजे हे पुरुषांचंच मंडळ राहिलं. मालेगावचं उदाहरण देताना ही उणीव झाकायचं कारण नाही. आज कुठेही असा ग्रुप सुरू होत असेल, तर पहिल्या दिवसापासून मुली लिहिणाऱ्या आणि कॅमेरा धरणाऱ्या हव्यात.

आता यूट्यूब आहे, मग अडचण काय?

व्हिडिओ पार्लरं गेली, सीडीचा धंदाही गेला. यूट्यूबने मालेगावलाही नवी वाट दिली. तुमच्या घरातली मुलं ज्या ‘छोटू दादा’चे व्हिडिओ बघतात, तो मालेगावचाच. त्याचे व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहेत.

पण यूट्यूबवर तुमचा सामना अख्ख्या जगाशी असतो. तिथे बघणारा माणूस दिसत नाही, आकडा दिसतो. पहिल्याच फिल्मला दोनशे व्ह्यूज आले की चौघं मित्र गप्प होतात आणि कॅम्पस प्लेसमेंटच्या तयारीला लागतात. तेच दोनशे लोक एका हॉलमध्ये बसले असते, तर आम्ही हाऊसफुल्ल म्हणून पेढे वाटले असते!

गावात शो करायचा तर कायदा माहीत हवा. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. या अटीतून सूट देण्याचा अधिकार त्याच कायद्याने केंद्र सरकारला दिला आहे. हौशी ग्रुपच्या छोट्या, बिनातिकीट शोसाठी ही सूट सोप्या आणि स्पष्ट पद्धतीने मिळायला हवी, असं माझं मत आहे. आणि आपल्या शहरांतली नगरपालिकेची सभागृहं? एकांकिका स्पर्धांना ती मिळतात. महिन्यातली एक संध्याकाळ स्थानिक शॉर्टफिल्मसाठी नाममात्र भाड्यात दिली, तर पालिकेच्या तिजोरीला भगदाड पडणार नाही.

एकांकिकांचं उदाहरण मुद्दाम देतोय. मराठी रंगभूमीला इतके नट-लेखक मिळाले, त्यामागे कॉलेजच्या स्पर्धा आहेत. तारीख ठरलेली असते, समोर जिवंत प्रेक्षक असतो, म्हणून पोरं रात्र-रात्र तालमी करतात. सिनेमासाठी आपण मुलांच्या हातात फोरके कॅमेऱ्याचा फोन दिला. तारीख आणि प्रेक्षक दिलेच नाहीत.

तोवर आपल्या पातळीवर एक करता येईल. पुढच्या वेळी फिल्म करायची ठरली, तर स्क्रिप्टच्याही आधी दाखवायची तारीख ठरवा. घरच्यांना आणि मित्रांना त्या दिवशी घरी बोलवा, भिंतीला पांढरी चादर लावा, प्रोजेक्टर भाड्याने आणा. फिल्म चालू झाली की पडद्याकडे बघू नका, लोकांच्या चेहऱ्याकडे बघा. कोण कुठे हसतं आणि कुठे मोबाइल काढतं, ते लिहून ठेवा.

आमच्या चौघांच्या ग्रुपवर मी कालच मेसेज टाकलाय. एक पुण्यात आहे, एक बंगळुरूत, एक गावी. ‘फायनल_३’ दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर दाखवायची. दोघांचा होकार आलाय. तिसऱ्याने विचारलंय, नवीन शूट कधी करायचं?