सुगंधाची सवलत

गेल्या महिन्यात आमच्या संध्याकाळच्या बैठकीत तंबाखूचा एक डबा आला. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नोकरी करतो. सर पाइप ओढीत असत, एवढे त्याच्या लक्षात राहिले होते. सरांनी तो बारा वर्षांपूर्वी सोडला, ही वार्ता मात्र त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. डब्यावर केळे, लोणी आणि रम अशा तिहेरी स्वादाची ग्वाही दिलेली होती. तंबाखूच्या डब्यावर केळ्याचे चित्र पाहून प्रथम हसू आले. मग, सेवानिवृत्त माणसांपाशी मोकळा वेळ पुष्कळ असल्यामुळे, त्या तंबाखूची रीतसर परीक्षा घ्यावयाचे ठरले.

माळ्यावरच्या पेटीतून पाइप काढला. पहिला मान अर्थातच वकीलसाहेबांचा. त्यांनी डोळे मिटून दोन झुरके घेतले व निकाल दिला, "सत्यनारायणाचा शिरा करपला आहे, आणि ते झाकण्यासाठी यजमानाने त्यावर अत्तराची कुपी उपडी केली आहे." संस्कृतचे निवृत्त अध्यापक, ज्यांना आम्ही शास्त्रीबुवा म्हणतो, ते ओढीत नाहीत. त्यांनी दुरूनच वास घेतला व म्हणाले, "पिकलेली केळी आणि डांबराच्या गोळ्या एका कपाटात ठेवल्यावर दिवाळीत जे दार उघडावे, ते हे." बँकेतून निवृत्त झालेल्या मित्राची तक्रार निराळी होती. डब्यात असलेले केळे धुरात उतरतच नाही, तेव्हा हे सारे बुडीत खाते आहे, वसुली शून्य, असे त्याचे मत पडले. यावर वकीलसाहेब पुन्हा उठले. "या खटल्यात प्रत्येक साक्षीदार बोलतो आहे. ज्याच्यावर आरोप आहे तो तंबाखू तेवढा न्यायालयात हजर नाही!"

हशा ओसरला तेव्हा आमचे पाचवे सभासद बोलले. विडी कामगारांच्या संघटनेत या साथींची हयात गेली आहे. त्यांनी पाइपला हात लावला नव्हता. चिमूटभर तंबाखू त्यांनी तळहातावर चोळला, डबा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "हे पान कुठल्या शेतातले, कुणी तोडले, ते यावर कुठे लिहिले आहे काय?" आम्ही चश्मे लावून डबा वाचून काढला. केळ्याचा, लोण्याचा आणि रमचा उल्लेख तीन ठिकाणी होता. शेताचा, देशाचा आणि माणसाचा उल्लेख एकाही ठिकाणी नव्हता.

त्या प्रश्नामुळे हा लेख लिहीत आहे. एका डबाभर तंबाखूवर साप्ताहिकाचे पान खर्ची घालणे काहींना उधळपट्टी वाटेल. पाइप हा म्हाताऱ्यांचा शौक, तो आपोआप संपत आला आहे, त्यावर शस्त्र कशास उपसावयाचे, असेही कोणी म्हणेल. नेमका हाच युक्तिवाद गेली अनेक वर्षे मोठमोठ्या देशांच्या कायदेमंडळांत ग्राह्य मानला गेला. त्याचे अर्थशास्त्र काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम हा सुगंध येतो कुठून ते पाहू. पाइपसाठी लागणाऱ्या तंबाखूत बर्ली नावाची एक जात फार उपयोगी पडते. या पानात स्वतःची साखर नाहीशीच असते आणि ते टीपकागदासारखे वरचा रस शोषून घेते. त्याला आधी साखर, ज्येष्ठमध, कोको यांसारख्या द्रव्यांचा पाक देतात. ओलावा टिकावा म्हणून बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. अखेरीस अल्कोहोलमध्ये विरघळविलेली सुगंधी द्रव्ये वरून शिंपडतात. ही शेवटची द्रव्ये उडून जाणारी असल्यामुळे डबा उघडताना ती दरवळतात आणि जळताना बरीचशी हरवतात. म्हणजे आमच्या बँकवाल्या मित्राचा हिशेब अगदी बरोबर होता. सुगंध ओढणाऱ्यापेक्षा विकत घेणाऱ्यासाठी आणि शेजारी बसणाऱ्यासाठी असतो. इंग्लंडमधील केंडल या गावच्या सुगंधी तंबाखूविषयी शौकिनांत असाच कायमचा वाद आहे. कुणाला त्यात अंगाला लावण्याचा साबण आढळतो, कुणाला आजीच्या कपाटातील अत्तराचा खण. या वादात विनोद पुष्कळ आहे. त्यात निकोटिनचा विषय मात्र सहसा निघत नाही.

या विनोदाची दुसरी बाजू डॉ. जेफ्री वायगँड यांच्या साक्षीत नोंदलेली आहे. हे गृहस्थ अमेरिकेतील ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीत संशोधन विभागाचे उपाध्यक्ष होते. कूमरिन नावाचे एक द्रव्य आहे; ताज्या कापलेल्या गवतासारखा आणि व्हॅनिलासारखा गोड वास त्याला येतो. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यापासून यकृताला अपाय होतो असे दिसल्यावर अमेरिकेने १९५४ साली ते अन्नपदार्थांत घालण्यास बंदी केली. परंतु पाइपचा तंबाखू हे अन्न नव्हे. कंपनीच्या 'सर वॉल्टर रॅले' या पाइपच्या तंबाखूत ते द्रव्य घातले जात होते. ते काढून टाकावे असा आग्रह आपण धरला, तेव्हा त्याने विक्रीवर परिणाम होईल असे आपणांस सांगण्यात आले, अशी साक्ष वायगँड यांनी १९९५ साली मिसिसिपी राज्याच्या खटल्यात दिली. मार्च १९९३ मध्येच त्यांना नोकरीवरून काढण्यात आले होते. कंपनीने त्यांचे आरोप नाकारले आणि उलट त्यांच्यावरच दावा लावला. १९९७ च्या तडजोडीत तो मागे घेतला गेला. १९९९ साली या प्रकरणावर 'द इनसायडर' हा चित्रपटही निघाला. सिगारेटच्या साम्राज्याला हादरा देणाऱ्या या साक्षीत पाइपच्या डब्यातील एका निरागस गोड वासालाही जागा होती, हे पुष्कळांच्या स्मरणात नाही.

आता कायद्याकडे वळू. मुलांना तंबाखूची चटक लागते ती गोड स्वादामुळे, हे मान्य करून अमेरिकेने सप्टेंबर २००९ पासून फळांच्या व मिठाईच्या स्वादाच्या सिगारेटींवर बंदी घातली. मेन्थॉलला वगळले, आणि पाइपच्या तंबाखूला ती बंदी लागूच केली नाही. युरोपीय संघाने २०१४ साली जो निर्देश काढला त्यातही हीच गोष्ट झाली. सिगारेट आणि हाताने वळावयाचा तंबाखू यांतील विशिष्ट स्वादांना मनाई झाली, पाइपला सवलत मिळाली. २०२२ साली तापवून ओढावयाच्या नव्या तंबाखूची सवलत काढून घेण्यात आली. पाइपची तशीच राहिली. कारण काय, तर पाइप ओढणारे थोडे आणि ते बहुधा वयस्क. कायद्याच्या डोळ्यांपुढे पुस्तकांच्या कपाटाशेजारी खुर्चीत बसलेला कुणी सद्गृहस्थ उभा राहतो, आणि त्याच्यासाठी दार किंचित उघडे ठेवले जाते. अशा दारातून तो सद्गृहस्थ एकटाच आत येतो काय?

येत नाही, याचा पुरावा आकड्यांत आहे. १ एप्रिल २००९ पूर्वी अमेरिकेत सिगारेट वळण्याचा सुटा तंबाखू आणि पाइपचा तंबाखू या दोहोंवर पौंडामागे सारखाच, सुमारे १ डॉलर १० सेंट, संघीय कर होता. त्या दिवशी सुट्या तंबाखूवरील कर २४ डॉलर ७८ सेंट झाला आणि पाइपच्या तंबाखूवरील कर अवघा २ डॉलर ८३ सेंट. पाइपचा तंबाखू कोणता, हे कायद्याने ठरविले ते त्याचे रूप, प्रकार, वेष्टन आणि त्यावरील लेबल यांवरून. मग व्हावयाचे तेच झाले. कारखानदारांनी पिशवीवरील अक्षरे बदलली. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ साली दाखवून दिले की, जानेवारी २००९ मध्ये पाइपच्या तंबाखूची मासिक विक्री सुमारे २ लाख ४० हजार पौंड होती, ती सप्टेंबर २०११ मध्ये ३० लाख पौंडांवर गेली. त्याच काळात सुट्या तंबाखूची विक्री सुमारे २० लाखांवरून ३ लाख १५ हजारांवर घसरली. अडीच वर्षांत अमेरिकेत पाइप ओढणारे बारापट झाले, असे कोणा शहाण्याने मानावे काय? पाइप वाढले नाहीत, वाढली ती पाइपच्या नावाची पिशवी. 'निरुपद्रवी' शौकासाठी राखलेल्या सवलतीचा ताबा भांडवलाने असा घेतला. करसवलतीच्या इतिहासात यात नवे काही नाही. लहानाच्या नावाने मागावयाचे आणि मोठ्याने उचलावयाचे, हा तिचा जुनाच रिवाज आहे.

आणि ज्या प्रश्नाने आमचा हशा थांबविला तो प्रश्न अजून शिल्लकच आहे. बर्लीचे पीक अमेरिकेत केंटकी, टेनेसी या भागांत आणि आफ्रिकेत मलावीत मोठ्या प्रमाणावर निघते. ओल्या पानांना हात लागला की निकोटिन कातडीतून अंगात भिनते. मळमळ, ओकाऱ्या, डोकेदुखी, भोवळ असा तो आजार आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या चार राज्यांत तंबाखूच्या शेतांवर राबणाऱ्या ७ ते १७ वर्षे वयाच्या १४१ मुलांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्यांनी हीच लक्षणे सांगितली. ज्या देशात अठरा वर्षांखालील मुलाला सिगारेट विकणे गुन्हा ठरला, त्याच देशाच्या कायद्याने पालकांच्या संमतीने बारा वर्षांच्या मुलाला तंबाखूच्या शेतावर मजुरीला जाण्यास वाट ठेवली. मलावीतील तंबाखूमागे वेठबिगार आणि बालमजुरी असल्याच्या संशयावरून तो तंबाखू अमेरिकेनेच नोव्हेंबर २०१९ मध्ये बंदरावर अडविला. डब्यावर केळे का छापतात आणि शेत का छापीत नाहीत, हे आता निराळे सांगावयास नको.

परदेशाच्या नावाने बोटे मोडून आपण मोकळे होऊ नये. सुगंधाची ही विद्या आपल्याला अपरिचित नाही. केवड्याचा जर्दा आणि गुलाबाचा किवाम आपल्याच बाजारात वाढले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर आणि २०१३ मध्ये सुगंधित तंबाखूवर व सुपारीवरही बंदी घातली. ते योग्यच झाले, जरी टपरीच्या फळीखाली पुडी मिळत राहिली. परंतु ती बंदी अन्नसुरक्षेच्या कायद्यातून निघालेली असल्यामुळे तिचा रोख खाण्याच्या वस्तूंवर आहे. हमालाच्या खिशातील सुगंधी पुडी तिच्या कक्षेत येते, साहेबाच्या दिवाणखान्यातील सुगंधी पाइप येत नाही. वास तोच, विष तेच. फरक पडतो तो ग्राहकाच्या प्रतिष्ठेमुळे.

आणि जे हात पान हाताळतात त्यांचे काय? सोलापूर, सिन्नर येथील विडी कामगार स्त्रिया हजार विड्यांमागे मजुरी घेतात आणि 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी गमावतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यामागे आणि १९७६ च्या कल्याण निधीमागे दीर्घ लढे उभे होते. त्या निधीतून दवाखाने, घरे, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, त्याबरोबर या निधीला पैसा पुरविणारा विडीवरील उपकर रद्द झाला. त्या कामगारांच्या हक्काचा स्वतंत्र झरा बंद झाला, आणि त्याची बातमी किती जणांनी वाचली?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. तंबाखूवरील कर पानाच्या वजनावर असावा. पिशवीवरील नावाला त्यात किंमत नसावी. स्वादाची बंदी करावयाची तर ती सर्वांना सारखी करावी, सद्गृहस्थांसाठी त्यात खिडकी ठेवू नये. डब्यात मिसळलेले प्रत्येक द्रव्य आणि पानाचा देश डब्यावर छापणे सक्तीचे व्हावे. आणि तंबाखूच्या करातील निश्चित वाटा तंबाखू पिकविणाऱ्या व विड्या वळणाऱ्या माणसांना दुसरे पोट मिळवून देण्यासाठी कायद्याने राखून ठेवावा. विडी कामगारांची रोजी जाईल, असा कांगावा कारखानदार करतील. ज्यांनी छाटीच्या नावाखाली ती रोजी आयुष्यभर कुरतडली, त्यांच्या तोंडी तो शोभत नाही. शौकाचे स्वातंत्र्य जाईल असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे, की डब्यात काय आहे हे ज्याला सांगितलेच जात नाही, त्याने निवड केली असे म्हणावयाचे कशाच्या आधारावर?

एक कबुली देणे प्राप्त आहे. त्या संध्याकाळी इतरांची मते नोंदविल्यावर मीही दोन झुरके घेतले. मला त्यात केळे लागले नाही, लोणी लागले नाही, रम तर नाहीच. परंतु तिसऱ्या झुरक्यासाठी माझा हात माझ्या नकळत पुढे गेला. बारा वर्षांनंतरही माझे देणे त्या पानाला बरोबर आठवत होते. आमच्या साथींनी काही न बोलता माझ्या हातातून पाइप काढून घेतला. डबा अजून घरात आहे. त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले आहे. आभार मानले आहेत, आणि दुकानात पुन्हा जाणे झाले तर साथींचा तो प्रश्न दुकानदाराला अवश्य विचार, असे कळविले आहे. आपल्या गावच्या दुकानात सुगंधी डबा दिसला तर वाचकांनीही तो विचारावा.